निशाण जमिनीला टेकू दिले नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे अंग चोरून पाहिले. पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. मग मी विषय सांगितला, तेव्हा मात्र त्याच जरा चपापल्या. दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला एक शिपाई! त्याचे आपल्या मंडळाशी नाते काय? ते नाते मला सापडले आहे, पण आधी त्याची हकीकत ऐका. नाते मी शेवटी सांगेन.

माझी भाची बोस्टन शहरात राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका सकाळी ती मला तेथल्या स्टेट हाऊससमोर घेऊन गेली. स्टेट हाऊस म्हणजे त्या राज्याच्या विधिमंडळाची इमारत. रस्त्यापलीकडे बागेच्या कडेला ब्राँझचे एक भले मोठे उठावशिल्प आहे. मध्ये घोड्यावर एक गोरा तरुण अधिकारी आणि त्याच्या बरोबरीने खांद्यावर बंदुका टाकून चाललेले काळे शिपाई. कोणी मिसरूड फुटलेले, कोणी दाढी पिकलेले. सेंट गॉडन्स या शिल्पकाराने घडवलेले हे स्मारक १८९७ साली उघडण्यात आले. भाचीने मला मागच्या बाजूला नेऊन नावे दाखवली. ती म्हणाली, "मावशी, गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं पहिल्यापासून होती. या शिपायांची नावं कोरली ती १९८२ साली."

मनात हिशेब केला, पंचाऐंशी वर्षे! तेव्हापासून ही माणसे माझ्या मनातून जाईनात. त्यांच्यातल्याच एकाची गोष्ट मी सांगणार आहे. त्याचे नाव विल्यम कार्नी.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी चालली. दक्षिणेकडची राज्ये कापूस-तंबाखूच्या मोठमोठ्या मळ्यांवर जगत होती आणि ते मळे चालत होते गुलामांच्या श्रमावर. त्या वेळी त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलाम होती. बाजारात बैल विकावा तशी माणसे विकली जात. आईच्या कडेवरचे मूल उद्या दुसऱ्या मालकाकडे जाणार नाही, याची आईला शाश्वती नसे. अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा ही राज्ये फुटून निघाली आणि युद्ध पेटले. त्यात सहा लाखांहून अधिक माणसे कामास आली.

या युद्धाची झळ आपल्या मुंबईपर्यंत पोचली होती, हे आपणांपैकी काहींच्या वाचनात असेल. तिकडचा कापूस विलायतेस जाण्याचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली युद्ध संपताच सारे पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. मुंबईच्या पेढ्यांवर त्या युद्धाचा हिशेब असा झाला. परंतु आपल्याच महाराष्ट्रात एका माणसाने त्याचा वेगळा हिशेब केला. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले, त्यासाठी झीज सोसली, तोच कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, असा जोतीरावांचा भाव होता. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही.

विल्यम कार्नीचा जन्म १८४० साली व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक या बंदरगावी झाला. गुलामाच्या पोटी गुलाम, असा तिथला कायदा. त्या राज्यात काळ्या मुलांना एकत्र बसवून लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. याच नॉरफोक गावात मार्गारेट डग्लस नावाची एक गोरी बाई राहत असे. शिवणकाम करून पोट भरणारी. तिने आणि तिच्या मुलीने आपल्या घरी काळ्या मुलांची शाळा भरवली. ती मुले गुलामही नव्हती, मोकळ्या कुटुंबांतली होती. तरीसुद्धा तिच्यावर खटला झाला आणि १८५४ साली तिला एक महिन्याची कैद झाली.

पुण्यात सावित्रीबाई मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण-दगड पडत होते, तो हाच काळ. शाळेत जाणाऱ्या बाईला लोकांनी पुण्यात छळले आणि नॉरफोकात सरकारने तुरुंगात घातले! अक्षराची भीती वाटणारी माणसे जगात सगळीकडे एकसारखीच असतात.

याच सुमारास चौदा वर्षांचा विल्यम त्याच गावात एका धर्मोपदेशकाने चालवलेल्या चोरट्या शाळेत अक्षरे गिरवत होता. पुढे त्याच्या वडिलांनी दास्यातून निसटून उत्तर गाठली आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड गावी एकत्र आले. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या गलबतांचे हे बंदर. दास्यातून पळून आलेल्या कित्येकांना त्या गावाने आसरा दिला होता. गुलामगिरीविरुद्ध देशभर आवाज उठवणारे फ्रेडरिक डग्लस हेही निसटून आले ते प्रथम याच गावी राहिले होते. विल्यमच्या मनात धर्मोपदेशक व्हायचे होते. मुलगा शांत, देवभीरू आणि अभ्यासू होता.

तोवर युद्धाला दोन वर्षे होत आली होती. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकननी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचे दार उघडले. मॅसॅच्युसेट्समध्ये काळ्या शिपायांची चौपन्नावी पलटण उभी राहू लागली. अधिकारी मात्र गोरे. पंचवीस वर्षांचा रॉबर्ट गूल्ड शॉ कर्नल झाला. फ्रेडरिक डग्लस यांनी आपले दोन मुलगे या पलटणीत धाडले. फेब्रुवारी महिन्यात कार्नीनेही नाव नोंदवले. पुढे त्याने एका पत्रात लिहिले, की धर्मोपदेशाची तयारी करण्याची माझी ओढ होती, परंतु देशाची हाक आली तेव्हा देशाची आणि आपल्या गांजलेल्या बांधवांची सेवा हीच देवाची सर्वांत चांगली सेवा, असे मला वाटले.

हे शिपाई कोणत्या धोक्यात पाऊल घालीत होते ते लक्षात घ्या. काळा शिपाई हाती लागला तर त्याला युद्धकैदी समजायचे नाही, असे दक्षिणेच्या सरकारने जाहीर केले होते. त्याच्या वाट्याला फाशी तरी येणार, नाहीतर पुन्हा गुलामी. आणि उत्तरेतही काय म्हणत होते लोक? "हे काळे कसले लढतात! पहिली गोळी सुटली की पळतील." म्हणजे पुढे फास आणि मागे टोमणे.

१८ जुलै १८६३. दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेट आहे. त्यावर वॅग्नर नावाचा वाळूचा किल्ला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तेवढीच काय ती वाट. दिवसभर उत्तरेच्या तोफा आणि जहाजे त्या किल्ल्यावर मारा करीत होती. आत कोणी जिवंत उरले नसेल असे बाहेरच्यांना वाटले. परंतु वाळूखालच्या भक्कम तळघरांत शत्रू सुखरूप बसला होता.

संध्याकाळी हल्ल्याचा हुकूम निघाला. सर्वांत पुढे चौपन्नावी पलटण. दोनच दिवसांपूर्वी ती शेजारच्या बेटावर लढली होती आणि त्यानंतर पुरती झोप नाही, धड अन्न नाही, अशी चालत येथवर आली होती. सुमारे सहाशे माणसे अंधारात त्या वाळूवरून निघाली. किल्ला जवळ आला मात्र, वरून आगीचा पाऊस सुरू झाला.

पलटणीचे निशाण धरणारा शिपाई गोळी लागून पडू लागला. आपल्याकडच्या लढायांची वर्णने आपण वाचली आहेत. जरीपटका फडकत आहे तोवर फौज उभी राहते आणि निशाण दिसेनासे झाले की माणसांचा धीर सुटतो. धुरात आणि काळोखात हुकूम ऐकू येत नाही. शिपायाला आपली माणसे कुठे आहेत ते कळते फक्त निशाणावरून. आणि ज्याच्या हातात निशाण, त्याच्यावर शत्रूची प्रत्येक बंदूक रोखलेली. त्याला आपली बंदूक टाकावी लागते. म्हणजे मारता येत नाही, नुसते मरता येते.

कार्नीने आपली बंदूक टाकली आणि निशाण उचलले. धावत तो तटाच्या उतारावर चढला. निशाण रोवले आणि तसाच धरून बसला. कर्नल शॉ तटावर पडले. आजूबाजूला सगळे पडले. मागून मदत वेळेवर आली नाही आणि शेवटी माघार घ्यावी लागली. कार्नीने काठीभोवती निशाण गुंडाळले आणि पाण्याने भरलेला खंदक ओलांडून तो मागे निघाला. गोळ्यांनी तो जायबंदी झाला होता. काही वेळ चालत, काही वेळ गुडघ्यांवर रांगत तो येत होता. वाटेत दुसऱ्या पलटणीचा एक शिपाई भेटला. त्याने आधार दिला आणि म्हणाला, आण, निशाण मी घेतो. कार्नीने दिले नाही. माझ्या पलटणीच्या माणसाखेरीज हे कोणाच्या हाती जायचे नाही, असे त्याने सांगितले. आपल्या उरल्यासुरल्या सोबत्यांत तो पोचला तेव्हा त्यांनी त्याचा जयजयकार केला. तो एवढेच म्हणाला, की मी माझे काम केले, निशाण जमिनीला टेकले नाही.

त्या एका रात्रीत पलटणीतले अडीचशेहून अधिक शिपाई ठार, घायाळ किंवा बेपत्ता झाले. किल्ला काही हाती आला नाही. शत्रूने कर्नल शॉंना त्यांच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. हा अपमान आहे अशी शत्रूची समजूत होती. पुढे देह काढून आणण्याची वेळ आली तेव्हा शॉंच्या वडिलांनी नको म्हणून कळवले. आपल्या शूर शिपायांच्या संगतीतच त्याने विसावा घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. लढाई हरली, पण "हे लढतील का" हा प्रश्न त्या रात्रीनंतर कोणी तितक्या जोराने विचारला नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले होते.

भगिनींनो, येथे मला एका बाईची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही. शार्लट फोर्टन ही काळी शिक्षिका फिलाडेल्फियाहून जवळच्याच एका बेटावर मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलांना शिकवायला आली होती. या लढाईतले जखमी ब्यूफोर्टच्या इस्पितळात आणले तेव्हा ती शाळा सोडून तेथे गेली. पहिल्या दिवशी तिला काम मिळाले ते शिपायांचे कपडे शिवण्याचे. डगल्यांना, विजारींना गोळ्यांनी भोके पडली होती. ती एकेक भोक सांधत बसली. तिने आपल्या रोजनिशीत हे लिहून ठेवले आहे. सुईदोरा आपण रोज हाती धरतो. पण या भोकातून गोळी गेली तेव्हा आत माणूस होता, असे मनात येत असता टाके घालणे कसे झाले असेल?

आता मी येते मुख्य मुद्द्याला. लढाईतले धैर्य सर्वांना दिसते. या पलटणीने याहून अवघड असे एक धैर्य दाखवले, ते पगाराच्या दिवशी.

भरतीच्या वेळी त्यांना सांगितले होते, की इतर शिपायांना मिळते तेच तुम्हांला मिळेल. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत. यांच्यापुढे प्रत्यक्षात आले दहा आणि त्यातूनही तीन कपड्यांसाठी कापून घ्यायचे. म्हणजे हाती सात! शिपाई असो की सार्जंट, सगळ्यांना तेच सात. पलटणीने काय केले? सातही घेतले नाहीत. देणार असाल तर पुरते द्या, नाहीतर राहू द्या. मॅसॅच्युसेट्सचे सरकार म्हणाले, वरची तूट आम्ही भरून देतो. पलटणीने तेही नाकारले. प्रश्न पैशांचा नव्हताच मुळी. आम्ही शिपाई आहोत की हमाल, हा प्रश्न होता. कार्नीच्याच कंपनीतला, न्यू बेडफर्डचाच जेम्स हेन्री गुडिंग हा नाईक. त्याने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट अध्यक्ष लिंकनना पत्र लिहून हाच प्रश्न विचारला.

पुरुष छावणीत होते, त्यांना सरकारी शिधा तरी मिळत होता. घरी बायका-मुले होती. महिन्यामागून महिने गेले, घरी एक दमडी पोचत नव्हती. घरून येणाऱ्या पत्रांत उपासमारीची वर्णने असत. तरी पलटण ढळली नाही. मला वाटते, त्या घरांतल्या बायका ढळल्या नाहीत, म्हणून पलटण ढळली नाही. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

जून १८६४ मध्ये समान पगाराचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत पलटणीला साऱ्या थकबाकीसह पैसे मिळाले. गुडिंगने ते पाहिले नाहीत. तो शत्रूच्या हाती सापडला होता आणि अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदिवासात जुलै महिन्यात मरण पावला. कार्नीही तोवर जखमांमुळे सैन्यातून सुटून घरी आला होता.

पुढचे आयुष्य अगदी साधे. १८६५ साली त्याचे सुझाना विल्यम्स हिच्याशी लग्न झाले. क्लारा नावाची एक मुलगी झाली. न्यू बेडफर्डच्या टपाल खात्यात त्याने सुमारे तीस वर्षे पत्रे वाटली. जखमी पायाने गावभर हिंडणारा हा पोस्टमन म्हणजे वॅग्नरचा वीर, हे गावाला ठाऊक होते. १८९७ साली मी पाहिले ते स्मारक उघडले गेले, तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन यांचे भाषण झाले. भाषणात कार्नीचा उल्लेख आला आणि व्यासपीठावर बसलेला हा म्हातारा उठला. त्याच्या हातात निशाण होते. ते त्याने उंच केले. साऱ्या सभागृहाचे भान हरपले म्हणतात.

आणि पदक? अमेरिकेतले शौर्याचे सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला मिळाले २३ मे १९०० रोजी. लढाईला सदतीस वर्षे होत आली होती. तारखेच्या क्रमाने पाहिले तर काळ्या शिपायाने हे पदक मिळवून देणारा जो पहिला पराक्रम केला तो कार्नीचा. पण त्याच्यामागून पराक्रम करणाऱ्या कित्येक काळ्या शिपायांना आणि खलाशांना पदके कधीच मिळून गेली होती. हा आपला पत्रे वाटत राहिला.

नोकरी संपल्यावर तो बोस्टनच्या त्याच स्टेट हाऊसमध्ये निरोप्या म्हणून काम करू लागला. तेथेच उद्वाहकात पाय सापडून अपघात झाला आणि डिसेंबर १९०८ मध्ये त्याचे निधन झाले. त्या दिवशी स्टेट हाऊसवरचा ध्वज अर्ध्यावर उतरवला होता. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना मिळणारा मान त्या निरोप्याला मिळाला.

आता आपल्या मंडळाशी त्याचे नाते. ते सांगायचे तर मला माझी एक जुनी चूक सांगावी लागेल.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. वडिलांचे गुऱ्हाळ असे. मी शाळा शिकलेली, म्हणून मजुरी वाटण्याची वही माझ्याकडे होती. साल असेल १९७०-७१. वहीत मीच सुबक रेघा मारून दोन रकाने आखले होते. गड्याला तीन रुपये, बाईला दीड. ऊस दोघेही वाहत. मोळ्या डोक्यावर सारख्याच. एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या मजूरबाईने पैसे हातावर घेतले, पाहिले आणि मला विचारले, "ताई, बाईच्या डोईवर वझं निम्मं हुतं व्हय?"

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणाले, "सगळीकडे असंच असतं." ती काही बोलली नाही. पदराच्या टोकाला पैसे बांधून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कामाला आली, कारण तिला यावेच लागत होते. सात डॉलर नाकारणारी पलटण तिच्यापाठी नव्हती.

१९७६ साली आपल्या देशात समान वेतनाचा कायदा झाला. तरी शेतावर, बांधकामावर ते दोन रकाने अजून दिसतात. बोस्टनला त्या स्मारकापाठी उभी असताना मला ती वही आठवली आणि खरे सांगते, मान वर करवेना. ज्यांनी तेराऐवजी सात देऊ केले, ते सगळे दुष्ट लोक नव्हते. कोणी तरी शाळा शिकलेल्या माणसाने वहीत सुबक रेघा मारल्या होत्या, इतकेच.

म्हणून या वर्धापनदिनी माझी कार्यकारिणीला एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मांडव घालणारे गडी येतात आणि भांडी घासायला, दळण-कांडणाला बायका येतात. दिवसभर दोघेही राबतात. आपल्या हिशेबाच्या वहीत त्यांचे आकडे काय आहेत, ते एकदा या दृष्टीने पाहावे. सारखे असतील तर मला आनंद आहे. नसतील तर पुढच्या हळदीकुंकवाच्या आत ते सारखे व्हावेत. पैसे कमी पडले तर वाणातली एक वस्तू कमी करू.

कार्नीच्या हातातले निशाण आपल्याकडे नाही. आपल्याकडे वही आहे. जमिनीला टेकू द्यायचे नाही असे आपल्यापाशी जे काही आहे, ते या वहीतच आहे, असे मला वाटते.